स्वेच्छानिवृत्ती कुणाची?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय श्रीपतराव, व्यासपीठावरची सन्माननीय पाहुणे मंडळी, आपल्या व्यायामशाळेचे कार्यवाह मोहनराव, थेट पादऱ्याहून, वाघोडियाहून आलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि जेवणाची वेळ टळली तरी बसून राहिलेल्या माझ्या बडोदेकर बंधुभगिनींनो,

धनाजीरावांच्या पत्नीने कुटुंबाच्या वतीने आभाराचे दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलंय. बोलते. हॉल सुरेख सजवलाय, त्याबद्दल आभार. मागचा फलकही सुरेख आहे. 'मल्लखांबाचे वस्ताद धनाजीराव यांचा स्वेच्छानिवृत्तीनिमित्त सत्कार.' मघापासून मी त्यातला एकच शब्द वाचतेय. स्वेच्छा कुणाची हो? माझ्या नवऱ्याची तर नाही. त्यांना निमंत्रणपत्रिका आली तेव्हा कळलं.

मला राग आलाय, आणि तो लपवायचा मी अजिबात प्रयत्न करणार नाही.

गेल्या हिवाळ्यात हे दोन पायऱ्या चढले की धापा टाकायचे. शिकवताना बाकावर बसायचे, बैठकीत डुलकी लागायची. होळी झाली तरी अंगातला स्वेटर निघेना. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, मोहनराव? वस्तादांना आता आळस चढलाय, असं चारचौघांत म्हणालात. पहाटे कुलूप उघडून मातीवर पाणी मारणाऱ्या माणसाला आळस? हे घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी.

यांची किडनी बिघडलीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती धाप, ती झोप त्यामुळे रक्त कमी झाल्याची होती. पण किडनीचा आणि रक्ताचा काय संबंध, असं मला इथल्याच एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं. अहो, आमचे डॉक्टर पटेल मला एका वाक्यात सांगून गेले. रक्त तयार करायचा हुकूम किडनीकडून सुटतो. "बेन, ऑर्डर आपनार ज बीमार छे, तो लोही क्यांथी बने?" हुकूम देणाराच आजारी, तर रक्त बनणार कुठून? इतकं सोपं आहे.

तुम्ही मात्र प्रेमाने बिटाचा रस पाठवलात. खजूर पाठवलात, डाळिंबं पाठवलीत. प्रेमाबद्दल शंका नाही. पण किडनीच्या माणसाच्या अंगात त्यातलं पोटॅशियम साठतं आणि थेट हृदयावर येतं. डॉक्टरांनी तपासणी पाहिली आणि ते सगळं त्याच दिवशी बंद केलं. आधी शिरेतून लोह दिलं, मग रक्त वाढवणारी इंजेक्शनं सुरू केली. ती आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी असतात. डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासून मात्रा ठरवतात, कारण हिमोग्लोबिन एकदम वाढवणंही बरं नव्हे. महिने लागतात. तेवढे महिने तुम्हाला थांबवलं नाही.

किडनी बरी झालेली नाही, हे मी जाणते. पण परवा हे आमचा जिना न थांबता चढले, आणि वर येऊन मलाच म्हणाले, "काय गं, दमलीस?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मल्लखांबावर चढून दाखवू नका, खाली उभं राहून खुशाल शिकवा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. आणि त्याच आठवड्यात तुमची पत्रिका आली!

मघाशी यांना श्रीफळ दिलंत. नारळाचं पाणी यांना चालत नाही, ते मी मोहनरावांकडे देते. शालही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवते. श्रीपतराव, गैरसमज नको. ती हिवाळ्यात दिली असतीत तर अंगावर घेतली असती. रक्त कमी असलं की थंडी फार वाजते. आता यांना थंडी वाजत नाही.

राहिली व्यायामशाळेची किल्ली. ती आज समारंभपूर्वक परत करायची, असं कार्यक्रमात ठरलंय म्हणे. ती माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहील. उद्या पहाटे हे कुलूप उघडतील.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. जास्त बोलले असेन तर उदार मनाने क्षमा करा. कमी बोलले असेन, तर मोहनराव, उद्या पहाटे या. यांच्यासमोर उभे राहा, आणि तो आळसाचा शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखवा.