योद्ध्याचा बाप

दिन्याच्या हॉटेलात तुम्ही ताव मारता ना, ते हॉटेल एका फाशावर उभं आहे. खोटं नाही सांगत.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही इंदिरानगरला त्याच्या घरी एक खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि पात्र पेचात सापडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. खेळ मी चालवायचो. एकदा म्हटलं, नुसती मारामारी पुरे, आपल्या पात्राच्या मनात काय आहे तेही लिहा. दिन्याचा योद्धा सगळ्यांत आडदांड. त्याने लिहिलं, 'तलवार सोडून खानावळ काढायची आहे. बापाला सांगायची भीती वाटते.'

मनमाडहून ड्यूटी करून आलेल्या त्याच्या वडिलांनी नेमका तोच कागद उचलला. आमची पाचावर धारण बसली.

"ह्या योद्ध्याच्या बापाचं काम कोण करतंय?"

"कोणीच नाही, काका," मी म्हणालो.

"मग मी करतो." ते मांडी घालून बसले. "बोल रे योद्ध्या."

दिन्या मान खाली घालून सगळं बोलला. पार इंजिनिअरिंग नको, इथपर्यंत.

काकांनी मला विचारलं, "किती पडले की बाप हो म्हणतो?"

"पंधराच्या वर."

त्यांनी फासा टाकला. पडले तीन. 

काकांनी शांतपणे फासा परत उचलला. "हा धरायचा नाही. मध्येच कपाला लागला."

अहो, कप कुठला? चहा अजून आलाच नव्हता.