हिरवं आभाळ

डोळ्यांच्या दवाखान्यातला हीटर नावालाच होता. पुढचा नंबर कोपऱ्यातल्या आजोबांचा होता; पण रिसेप्शनवरच्या बाईंच्या कानावर त्यांचं आणि आजींचं बोलणं पडलं आणि हाक ओठांवरच राहिली.

“डॉक्टरांना सांग, मला सगळं लख्ख दिसतं.”

“हो तर! म्हणून निळा मागितला की हिरवा दोरा ओवून देता!”

“मी? कधी?”

“थंडी पडल्यापासून. माझी बोटं आखडतात, मग सुया तुम्हीच ओवता ना?”

“अगं, मग तुझं प्रदर्शनाचं चित्र? कापडावर पत्रा, बटणं, काय काय शिवलंयस ते?”

“त्यातलं आभाळ हिरवं झालंय.”

“सगळं?”

“या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“आणि तू मुकाट्यानं भरत बसलीस? बोलायचं नाही?”

“बोलले असते, तर तुम्ही पुन्हा सुई हातात धरली असती का?”

“बरं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. मी निळा ओवून देतो.”

“द्याच. खाली नदी राहिलीय अजून.”

“आणि आभाळ? ते आधी उसवू.”

“डोळे तुमचे, आभाळ माझं. एक टाका उसवू देणार नाही.”