‘प्रिय’ला बंदी

डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डॉक्टरांनी सगळ्यांना बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. बाकाच्या टोकाला बसलेल्या शिवणबाईंच्या पापण्यांमागे पिवळसर उजेड तरंगत होता आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे आवाज जणू पाण्याखालून येत होते.

“नको त्या ईमेलचं तुम्ही काय करता, मास्तर?”

“दर दुकानाला वेगळा पत्ता देतो. फार छळायला लागले की तो पत्ताच बंद. तुम्ही?”

“एकच नियम लावलाय. ‘प्रिय’ने सुरुवात झाली की परस्पर कचऱ्यात.”

“पोस्टमन ना हो तुम्ही?”

“पस्तीस वर्षं. एक पाकीट गहाळ केलं नाही. पण आता मला प्रिय म्हणणारे सगळे गाद्या विकतात.”

“आणि घरच्या कुणी लिहिलं तर?”

“मुलगा सहा वर्षं बोलत नाही. तो कशाला लिहितोय?”

“वसतिगृहातून लिहायचा, तेव्हा सुरुवात कशी करायचा?”

“प्रिय बाबा.”

खिसा चाचपडून फोन काढल्याची खसफस ऐकू आली.

“मास्तर, तो कचरा आपोआप कधी रिकामा होतो?”

“तीस दिवसांनी.”

“बाई, तुम्हाला काही वाचता येतंय का हो?”

शिवणबाईंनी डोळे उघडले. समोर फोन धरलेला होता, आणि त्यावरची अक्षरं ढगांसारखी एकमेकांत विरघळत होती.