वसंताची निळी गाडी

गाड्यायचा विषय काढलाच तुम्ही, तर आमच्या वसंताचं ऐका. सिंदीत आमच्या सलूनच्या भिंतीवर एका जपानी रेसिंग मोटरसायकलचं पोस्टर होतं, निळं. वसंताचं कापसाचं दुकान समोरच. दुपारी तो दाढीले येऊन बसे अन् त्या गाडीकडे पाहत राहे. मधेच हळूच म्हणे, "सेलूचं वळण आलं. गाडी पार झोपली, पण सुटली नाई."

काही वर्षांनी त्याच गाडीचं नवं मॉडेल आलं. मी पेपरातला फोटो दाखवला. "हिच्यात कार्बोरेटर नाई, फ्युएल इंजेक्शन हाये. तुही जुनी आता भंगार!"

वसंता तसाच उठला अन् दाढी न करताच दुकानात गेला.

मग एकदा आम्ही समुद्रपूरले लग्नाले गेलतो. चहाच्या टपरीवर तीच नवी गाडी उभी, लालभडक. मी गाडीवाल्याले म्हटलं, "भाऊ, माह्या दोस्ताले नुसतं बसू दे. जुनी चांगली का नवी, आमचा वाद चालू हाये."

वसंता चपला काढून बसला. हँडलवर ओणवा झाला, डोळे मिटले. गाडी बंदच होती, पण त्याचं अंग हळूच एका बाजूले कललं. बऱ्याच वेळानं तो उतरला.

"कशी हाये?" मी विचारलं.

"चांगली हाये. पण वळणावर जुनीचा भरोसा जास्त होता."

गाडीवाला चमकला. "काका, जुनी चालवली तुम्ही? किती वर्षं?"

वसंतानं शांतपणे चपला घातल्या.

"लय वर्षं. रोज दुपारी, दाढीचा नंबर येईपर्यंत."