पिवळट चकती

नाही नाही, द्या शिव्या, मावशी, मी कुठे अडवतेय — अख्खं गाव देतंय, तुम्ही तरी का मागे राहायचं. मी एवढंच म्हणतेय, की पाणी बंद करणारे ते लोक काही आत गारव्यात बसून हलवा खात नव्हते. मला कसं माहीत? आहे माहीत. बसा ना, उभ्या का — तुमच्या बहिणीला आत्ताच रक्त धुवायच्या मशीनवर घेतलंय, सुटायला वेळ लागेल. माझी आई तिच्या शेजारच्याच खाटेवर असते. नसरा. हो, तीच, नाकावर बुरख्याची पट्टी बांधते ती, कोळ्याची बायको — बोलकी आहे ना फार? होती.

तुम्ही डोंगराकडच्या, तुम्ही समुद्र पाहिला नसेल तेव्हाचा. आधी किनाऱ्याला नुसती तांबूस रेघ होती. मग वारा पडला, आणि सगळी खाडी खजुराच्या काकवीसारखी झाली — दाट, तांबडी, आणि वास असा, की माझा हमूद मामा जाळं अर्ध्यावर टाकून घरी आला. मासे उताणे पडलेले, जाळ्याला शेंबडासारखा चिकटा. शेवाळ असतं ते, मावशी, डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक, पण कोटीकोटीनं. आणि आपलं पाणी येतं कुठून? त्याच खाडीतून. विहिरी कधीच खाऱ्या झाल्या. समुद्राचं पाणी खेचायचं, वाळूतून गाळायचं, मग प्रचंड जोरानं पडद्यांतून दाबायचं — मेंब्रेन म्हणतात — इतके बारीक, की मीठसुद्धा अलीकडे राहतं. आता अशा पडद्यावर तो चिकटा बसला तर? धुऊन निघत नाही. जास्त जोर लावला तर पडदा कामातूनच जातो. आणि नवे पडदे काही बाजारात मिळत नाहीत, जहाजानं येतात, आले तर हिवाळ्यात येतात. म्हणजे चार दिवस तहानेलं राहायचं, की अख्खा उन्हाळा? सांगा ना. तुम्ही काय केलं असतं? — तेच केलं मी.

हो. मीच. मी बंद केलं पाणी. ज़ुवैना, हमूदची भाची, खारं पाणी गोडं करतात तिथली मुख्य — बघा, सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. आता उठून जायचं तर जा. नाही? बरं.

फोन काय थोडे आले? मस्कतहून बद्र साहेब, आमचे वरचे. म्हणाले, पडद्यांची एक तरी रांग चालू ठेव, ज़ुवैना, इस्पितळापुरती. मी म्हटलं, साहेब, समुद्रातून पाणी खेचायचं तोंड एकच आहे, रांग एक चालवा नाहीतर दहा, चिकटा सगळीकडेच जाणार. ते म्हणाले, बघ, तू जागेवर आहेस, तूच ठरव. म्हणजे कळलं ना — उघडलं आणि बिघडलं तर मी, बंद ठेवलं आणि कुणी दगावलं तरी मीच. फाटकाबाहेर बायका रिकामे डबे वाजवत बसल्या होत्या. माझी चुलत जाऊ होती त्यांच्यात. ती मला बघून थुंकली नाही, एवढंच.

इस्पितळाला टँकर जात होते, आतल्या गावांतून. पण एका माणसाचं रक्त धुवायला पिंपंच्या पिंपं लागतात, आणि टँकरचं पाणी जड, इथलं पाणी गाळायचं छोटं यंत्र त्यानं गुदमरायला लागलं. मग डॉक्टरांनी सगळ्यांचा मशीनवरचा वेळ निम्म्यावर आणला. तुमच्या बहिणीचाही आणला असेल. आणला ना. — मला ठाऊक आहे, मावशी. मी रोज विचारत होते इथे फोन करून, कोण कसं आहे. नाव न सांगता.

आई इथे वॉर्डात बसून सगळ्यांच्या बरोबरीनं शिव्या द्यायची. नर्सनं सांगितलं मला. कुणाला कळू दिलं नाही तिनं, की ही माझीच लेक. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. मला वाटलं, मला झाकायलाच ओरडतेय, चला, आई आपल्या बाजूची आहे. मी घरी गेले कपडे बदलायला, तर आईचे पाय सुजून खांबासारखे झालेले. मला जवळ बसवलं, हात धरला, म्हणाली, "ज़ुवैना, उघड ना गं. एकदाच उघड. मला झोपलं की बुडल्यासारखं होतं."

माझ्या आईनं जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. बाप समुद्रात गेला तेव्हासुद्धा नाही.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "नाही, आई." आणि परत गेले कामावर.

हे सगळं बरोबर होतं, असं म्हणतात सगळे आता. पडदे वाचले. पलीकडच्या किनाऱ्यावरच्यांनी चालू ठेवलं होतं, ते अजून टँकरवर आहेत. बद्र साहेब माझं नाव सांगत फिरतात. पण मावशी, शेवटचा दिवस — तो कुणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी वारा फिरला. समुद्र निळा झाला, काचेसारखा. हमूद मामा होडी काढून आला, फाटकावर उभं राहून म्हणाला, गेलं गं सगळं, उघड आता. हाताखालची पोरं वॉल्व्हपाशी जाऊन उभी. आणि मी म्हटलं, थांबा, चकती बघू. आम्ही काय करतो, पाणी कागदाच्या चकतीतून दाबतो. घाण असेल तर चकती तपकिरी पडते. कारण शेवाळ मेलं ना, की ते फुटतं, आणि त्याचा चिकटा पाण्यात उरतोच, दिसत नाही नुसता. खरं आहे हे, मी काही मनाचं सांगत नाही. तर चकती काढली. तपकिरी नव्हती. पांढरीही नव्हती. पिवळट. आता पिवळट म्हणजे काय? सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी म्हटलं, उद्या बघू.

त्या एका दिवसात आईच्या छातीत पाणी भरलं. नळी घालावी लागली. वाचली — डॉक्टर म्हणाले, नशीब. दुसऱ्या दिवशी चकती पांढरी निघाली, मी पाणी सोडलं, गावात बायका अंगणात नाचल्या.

आधीचे दिवस मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पण तो एक दिवस? पिवळटवर उघडलं असतं, आणि पडदे टिकले असते तर? कदाचित टिकले असते. कदाचित नसते. कुणाला विचारू — विचारायला जगात कुणी नाहीच. मी ती चकती हातात धरून होते ना, तेव्हा मला खरंच चिकटा दिसत होता, की मी घाबरले होते, की — की आईला एकदा नाही म्हटलं होतं, आता ‘हो’ म्हटलं तर ते पहिलं ‘नाही’ फुकट जाईल, असं काही होतं मनात? मी हे घरात कुणाला बोललेले नाही. तुमच्याशी का बोलतेय, तेच कळत नाही.

ती बोलत नाही माझ्याशी. भाकरी वाढली तर खाते. मी इथे आणते, नेते, ती गाडीत खिडकीबाहेर बघते. तुमच्या बहिणीशी बोलते ना? काय बोलते? माझ्याबद्दल काही —

नाही, राहू द्या. नका सांगू. दार उघडलं, आणतायत आईला. तुम्ही आपलं तिकडे तोंड करून बसा, मावशी. आपण बोललोच नाही.