तीन फर्मांच्या तीन खुर्च्या

मी, बानाबाई मुंजाबा शिंगाडे, वय ४१ वर्षे, धंदा वेताच्या बैठका विणणे, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद. आज दि. १४ मार्च १९८४ रोजी ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझे पती मुंजाबा हे काकासाहेबांच्या फर्निचरच्या कारखान्यात अकरा वर्षे लाकूड कापण्याच्या मशीनवर होते. त्याच खुर्च्यांच्या बैठका मी घरी विणते. दोन वर्षांपूर्वी पतीच्या उजव्या हाताची चार बोटे मशीनमध्ये गेली. कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले तेव्हा काकासाहेबांनी लेखी दिले की, या नावाचा इसम आमच्याकडे कधीच कामाला नव्हता. हजेरीपटावर नाव घेतलेच नव्हते. तेव्हापासून पतीच्या सदऱ्याची बटणे मी लावते. मी काकासाहेबांवर डूख धरून आहे, हे लपवत नाही. विणकाम मात्र सोडले नाही. घरी बसून कोणाचा सूड घेता येत नाही.

काल सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा मुकादम सांडू आला. म्हणाला, "बानाबाई, औरंगपुऱ्यातल्या सरकारी कचेरीत नमुन्याच्या खुर्च्या ठेवल्यात. एकीचा वेत तुटलाय. खरेदीचे साहेब दुपारी बघणार हायेत, लई घाई हाय." मी डावखुरी आहे. माझी वीण उलटी पडते व खालच्या गाठी डावीकडे येतात. दुसऱ्या कोणी ठिगळ लावले तर लगेच दिसते, म्हणून मलाच बोलवावे लागले.

कचेरीत तीन खुर्च्या ओळीने होत्या. प्रत्येकीला वेगळ्या फर्मची चिठ्ठी होती. सरकारी खरेदीला तीन फर्मांचे दर लागतात. कचेरीचे कारकून बद्रीनाथ दरांच्या तुलनेचा तक्ता भरत होते. त्यात काकासाहेबांची फर्म सर्वांत स्वस्त होती. मी खाली वाकून गाठी पाहिल्या. तिन्ही बैठका माझ्याच हातच्या होत्या, आणि काकासाहेबांखेरीज मी कोणाचे विणत नाही. बाकीच्या दोन फर्मांतर्फे कोणी आलेलेही नव्हते. मी एक डोळा मागितला होता, देवाने दोन दिले.

तोंडाने सांगितले असते तर काकासाहेब म्हणाले असते, ही बाई कोण? त्यांची ती सवय मला माहीत आहे. म्हणून वेत कापायच्या सुरीने मी त्यांच्या खुर्चीची बैठक कापली. मग दुसऱ्या फर्मची, मग तिसऱ्या फर्मची. बाहेर व्हरांड्यात थांबलेले काकासाहेब धावत आत आले व ओरडले, "ए सटवे, माझ्या खुर्च्या! तिन्हीच्या तिन्ही!"

मी म्हणाले, "तुमची तर एकच व्हय ना, मालक?"

बद्रीनाथ यांनी लिहिणे थांबवले. मी पळाले नाही. "जावा, फिर्याद करा," असे म्हणून तिथेच जमिनीवर बसले. मला फार बरे वाटले.

आज ती फिर्याद मला वाचून दाखविण्यात आली. हवालदारांनी कारण विचारले म्हणून काकासाहेबांनी लिहून दिले आहे की, "माझ्या मालकीच्या तीन खुर्च्या माझ्याकडे काम करणाऱ्या बानाबाईने कापल्या. तिचा नवरा माझ्याकडे कामावर असताना त्याची बोटे तुटली, तो राग तिच्या मनात आहे." खाली त्यांची सही आहे.

फिर्यादीतील सर्व मजकूर मला मान्य आहे. होईल ती शिक्षा भोगीन. सदर फिर्यादीच्या दोन नकला मला मिळाव्यात. एक चौकशीच्या साहेबांना द्यायची आहे व एक कारकून बद्रीनाथ यांना.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. काकासाहेबांची फिर्याद मी पुन्हा एकदा वाचायला लावली. तीही बरोबर आहे.