हेडर मीच बसवायला सांगितले होते

पुरवणी जबाब

नाव विश्वनाथ केशव ओतूरकर, वय ७४ वर्षे, धंदा काही नाही, केंद्र सरकारच्या नोकरीतून सेवानिवृत्त, राहणार लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली, मुलगा सुधन्वा यास मिळालेल्या सरकारी निवासस्थानात. मूळ गाव वाई, जिल्हा सातारा.

मी आज कोणी बोलावले नसता आपणहून ठाण्यात आलो आहे व समक्ष सांगतो की, गाडीचा भाग चोरीला गेल्याबद्दल काल मी जो जबाब दिला तो खरा नाही. कालचा जबाब मी हिंदीत दिला होता. माझे हिंदी कामकाजापुरते चांगले आहे, पण आजची हकीकत मला त्या भाषेत सांगता येणार नाही. ठाण्याचे प्रमुख एस.एच.ओ. साहेब यांनी मला मराठीत लिहून देण्याची मुभा दिली आहे. हिंदी तर्जुमा सोबत जोडला जाईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तब्येत ठीक आहे.

माझ्या नावावर पेट्रोलवर चालणारी एक जुनी एसयूव्ही आहे. मी निवृत्त झालो त्या वर्षी मी व माझी पत्नी कै. वृंदा यांनी ती घेतली. आम्ही दोघे तिच्यातून अल्मोडा, चंबा, ओरछा अशा ठिकाणी गेलो. नकाशा वृंदाच्या मांडीवर असे व रस्ता ती लोकांना विचारत असे. पुढील वर्षी गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर ती दिल्लीत चालवता येणार नाही, हे मला माहीत आहे.

मला गेली काही वर्षे कमी ऐकू येते. इंजिन चालू आहे की नाही हे मला स्टीअरिंगवर हात ठेवूनच कळते. वाईच्या शाळेत असताना पसरणी घाट चढणाऱ्या जीपगाडीचा आवाज आमच्या वर्गात येत असे. मराठीचे मास्तर कविता मध्येच थांबवत, टेबलावर बोटांनी ठेका धरत आणि आम्हाला लघु-गुरू मोजायला लावत. चढावर गाडी भुजंगप्रयातात चालते, असे ते म्हणत. म्हणजे एक आखूड ठोका, मागून दोन लांब. ती मोजणी मी अजून विसरलेलो नाही. येथे हेड कॉन्स्टेबल यांनी कागदात डोकावून, "ये भुजंग क्या है? साँप का भी कोई केस है?" असे विचारले. सापाचा या प्रकरणाशी संबंध नाही, असे मी त्यांना सांगितले. वरील मजकूर अप्रस्तुत वाटल्यास वगळावा. मला एवढेच सांगायचे आहे की, ती गाडी जाण्यापूर्वी एकदा तिचा आवाज मला ऐकायचा होता. दुसरे कारण नव्हते.

हिंदूराव भागात, टेकडीच्या उतारावर, बळवंत पाटणकर यांचे गॅरेज आहे. दसऱ्याच्या सुमारास मी त्या बाजूने जात असता आतून, "अरे, उलटं फिरवतोयस बाबा, उलटं!" असे मराठी शब्द इतक्या मोठ्याने आले की मलाही ऐकू आले. ते फोनवर कोणाला तरी नट सोडवण्याबद्दल समजावत होते. मी गाडी थांबवली. बळवंतरावांचे घराणे ग्वाल्हेरचे. चार पिढ्यांत महाराष्ट्रात कोणी राहिलेले नाही. त्यांची मराठी जुन्या वळणाची आहे व तिच्यात हिंदी मिसळलेली आहे. दिल्लीत आम्हा मराठी लोकांना असा कोणी भेटला की आम्ही गाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि पुढचे काही विचारत नाही. मीही विचारले नाही. त्या दिवशी ते मला काका म्हणू लागले.

पुढे मी तेथे वरचेवर जाऊ लागलो. काम नसतानाही जात असे. ते मला स्टूल देत, चहा मागवत आणि काम करता करता, "काका, म्हणा एखादी शाळेतली," असे म्हणत. मी म्हणत असे. ऐकून ते म्हणत, "समजलं अर्धं, पण लागलं पूर्ण." घरी माझ्या कविता ऐकायला कोणास वेळ नसतो. यात घरच्यांचा दोष नाही.

अशाच एका भेटीत मी त्यांना गाडीच्या आवाजाबद्दल विचारले. ते म्हणाले, इंजिनातून धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा एक भाग असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो काढून त्याच्या जागी वेगवेगळ्या लांब नळ्यांचे हेडर बसवले तर इंजिन मोकळे होते व आवाज भरतो. मी ते बसवा म्हणालो. त्यावर ते हसून म्हणाले, "काका, या वयात लोक कानात मशीन बसवतात, तुम्ही गाडीच्या गळ्यात बसवताय!" मग त्यांनी मला स्पष्ट सांगितले की, या गाडीत धूर शुद्ध करणारा डबा, ज्याला ते कॅट म्हणतात, मॅनिफोल्डलाच जोडलेला आहे. तो निघाला तर गाडी प्रदूषणाच्या तपासणीत पास होणार नाही. "नळ्यांच्या खाली तो परत जोडून देतो. आवाज थोडा दबेल, पण कायद्यात राहाल."

मी नको म्हणालो. आवाज पूर्ण हवा म्हणालो. ते दोनदा नाही म्हणाले. तेव्हा मी त्यांना म्हणालो, "बळवंतराव, आपल्या माणसाचं एवढंही ऐकणार नाही?" हे मी मुद्दाम म्हणालो. हे म्हटल्यावर ते नाही म्हणू शकणार नाहीत, हे मला ठाऊक होते.

काम झाले त्या दिवशी मी तेथेच बसून होतो. गंजलेले बोल्ट निघत नव्हते. एक आत तुटला, तो त्यांनी फार कष्टाने काढला. नळ्या बसवून झाल्यावर त्यांनी मला आत बसवले व चावी फिरवायला सांगितली. मला ऐकू आले. स्टीअरिंगला हात न लावता ऐकू आले. मी काही वेळ गाडी तशीच चालू ठेवली. बळवंतराव बाहेर उभे राहून बॉनेटवर बोटांनी ठेका धरत होते.

काढलेला मॅनिफोल्ड, त्याला जोडलेल्या कॅटसह, ते डिकीत ठेवू लागले. मी त्यांना थांबवले. माझे शब्द असे होते : "घरी नको. सूनबाई बघेल. तुमच्याकडेच राहू द्या." त्यांनी तो कापडात गुंडाळून फळीवर ठेवला. कामाचा कागद किंवा पावती त्यांनी दिली नाही व मी मागितली नाही. "आपल्या माणसाला काय पावती, काका," असे ते म्हणाले व मला ते बरे वाटले. सबब, काल ठाण्यात त्यांच्याजवळ दाखवायला काहीही नव्हते, आणि तो भाग मात्र त्यांच्या फळीवर मिळाला व ठाण्यात जमा झाला.

गाडीचा आवाज कॉलनीत सर्वांच्या लक्षात आला. मी घरी, सायलेन्सर जुना झाला असेल, असे सांगितले. दिवाळीनंतर हवा नेहमीप्रमाणे बिघडली. माझी नात अपूर्वा हिला दमा आहे. त्या दिवसांत तिला पंप घ्यावा लागतो व शाळा बंद असली तरी खाली खेळायला जाता येत नाही. ती खिडकीत बसून चित्रे काढते. मी रोज सायंकाळी गाडी काढून रिंग रोडवर एक फेरी मारत होतो. खिडक्या उघड्या ठेवत होतो, आवाज नीट यावा म्हणून.

सोमवारी सुधन्वा गाडीची प्रदूषण तपासणी करायला गेला. तेथे ती नापास झाली. तेथील माणसाने खाली वाकून बघितले व कॅट नाही, कोणीतरी काढला आहे, असे सांगितले. सुधन्वा एका मंत्रालयात हवेच्या प्रदूषणाचेच काम पाहतो. घरी आल्यावर त्याने ते सांगितले. मी बळवंतरावांच्या गॅरेजमध्ये जातो हे घरी ठाऊक होते. माझी सून देविका हिने विचारले. ती अपूर्वाला वाफ देत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं होतं का त्यांना काढायला?"

मी नाही म्हणालो.

त्यावर ती म्हणाली, "वाटलंच मला. त्या माणसाने फसवलं तुम्हाला. मराठीत दोन शब्द गोड बोलला की तुम्ही विरघळता." अपूर्वा टॉवेलच्या आतून म्हणाली, "आजोबांना सगळेच फसवतात यार." सर्वजण हसले. मीही हसलो.

सुधन्वाचा राग वाढत गेला. तो भाग महाग असतो, त्यातील धातू काढून विकतात, म्हाताऱ्या माणसांना लोक असेच लुटतात, असे तो म्हणाला. काल सकाळी तो मला येथे घेऊन आला. तक्रारीतील मजकूर त्याने सांगितला, पण त्याला जे ठाऊक होते ते माझ्याकडूनच ठाऊक होते, त्यामुळे त्याचा यात अपराध नाही. एस.एच.ओ. साहेबांनी मला विचारले, "मिस्त्री ने बिना पूछे निकाला?" मी "हाँ जी" म्हणालो. सही केली. सही माझीच आहे.

दुपारी बळवंतरावांना आणले व आम्हाला परत बोलावले. त्या वेळी सुधन्वा ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर व्हरांड्यात होता. बळवंतरावांच्या हाताला ग्रीस तसेच होते. काकांनीच सांगितले होते, असे त्यांनी अगोदर हिंदीत पुष्कळदा सांगितलेले दिसले, पण ते कोणी मानत नव्हते. मला पाहून त्यांना हायसे वाटले. ते उठून माझ्याजवळ आले व मराठीत म्हणाले, "बरं झालं आलात काका. सांगा ना यांना. तुम्ही सांगितलं की सुटलो मी."

एस.एच.ओ. साहेबांनी मला विचारले, "क्या बोल रहा है ये?"

त्या खोलीत मराठी जाणणारे आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "माफ़ी माँग रहा है।"

हे मी पूर्ण शुद्धीत म्हणालो. मला कमी ऐकू येते, पण ते वाक्य मला नीट ऐकू आले होते. बळवंतरावांना हिंदी माझ्याहून चांगले येते. त्यांनी माझ्याकडे बघितले व ते परत बाकावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी कोणालाच काही सांगितले नाही. पुन्हा विचारले तेव्हाही सांगितले नाही. साहेबांनी ती कबुली धरली. ती कबुली नव्हती.

रात्री घरी देविकाने माझ्या आवडीची आमटी केली होती. बाबांना फार ताप झाला, असे ती सुधन्वाला म्हणत होती. मी जेवलो. आज सकाळी फिरायला जातो असे सांगून निघालो व येथे आलो. येथून सुधन्वाला फोन करून, जबाब वाचतील तेव्हा तू हजर राहा, एवढेच सांगितले. देविकाला मी अजून सांगितलेले नाही. ते मी घरी जाऊन स्वतः सांगणार आहे.

तरी माझे म्हणणे असे की, बळवंत पाटणकर यांनी माझी कोणतीही वस्तू चोरलेली नाही. हेडर मी बसवायला सांगितले. कॅट मी काढायला लावला. काढलेला भाग मी त्यांच्याकडे ठेवायला लावला. गाडी माझ्या नावावर असून तिचे जे काही चलान होईल ते माझ्यावर करावे. खोटा जबाब दिल्याबद्दल जी कारवाई होत असेल ती करावी, वयाचा विचार करू नये. गाडीची चावी मी टेबलावर ठेवली आहे.

सदर जबाब येथपर्यंत हेड कॉन्स्टेबल यांनी मोठ्याने वाचला, पुढचा मजकूर मी नंतर लिहिला आहे. लिपी त्यांची ओळखीची असल्याने वाचता आला, काही शब्दांवर ते अडखळले. कठीण वाटली त्या वाक्यांचा अर्थ मी तेथेच हिंदीत सांगितला व सुधन्वाने तो बरोबर असल्याचे सांगितले. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर कोणी विसंबू नये, अशी विनंती मीच केली होती. सुधन्वा उभा राहून ऐकत होता. माफी मागण्याचे वाक्य आले तेव्हा हेड कॉन्स्टेबल थांबले. सुधन्वाने हातातला मोबाइल खिशात ठेवला व तो भिंतीकडे बघू लागला. मी पुढे वाचा म्हणालो.

कालपासून ठाण्यातच असलेले बळवंतराव बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. वाचून झाल्यावर साहेबांनी त्यांना जाण्यास परवानगी दिली. मी उभा राहिलो व मराठीत म्हणालो, "बळवंतराव, मी..." त्यांनी चप्पल घातली. टेबलावरची गाडीची चावी उचलून माझ्या हातात दिली व सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अंकलजी, पुराना वाला यहीं जमा है. छूट जाए तो किसी और से लगवा लीजिएगा."

ते हिंदीत बोलले. त्याचा तर्जुमा करण्याची कोणास गरज पडली नाही.

जबाबाची सर्व हकीकत माझ्यासमोर व ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर वाचली गेली. ती मी ऐकली. ती माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व या खेपेस खरी आहे.

(सही)
विश्वनाथ केशव ओतूरकर